"माणसं मोजायला शिकायचं काय?" म्हणणाऱ्या पोस्टला उत्तर

सध्या एक पोस्ट सगळीकडे फिरतेय, मला तीन ग्रुपवर आली. म्हणणं असं की लोकसंख्येचा अभ्यास म्हणजे वेळ वाया घालवणं, माणसं कॉम्प्युटर मोजतो, लोकसंख्या वाढते कारण लोकांना मुलं जास्त होतात, कडक कायदा केला की प्रश्न मिटला, आणि ह्यांचे अंदाज तसेही चुकतात, तेव्हा पोरांनी ह्या विषयाच्या नादी लागू नये. शेवटचं वाक्य वाचून खरंच वाईट वाटलं, म्हणून एवढं लिहितोय.

"कॉम्प्युटर मोजतो." अहो, कॉम्प्युटर बेरीज करतो, वय सांगतो माणूस आणि तो अंदाजे सांगतो. जिथे जन्मनोंदी धड नाहीत अशा कुठल्याही देशाच्या जनगणनेचा वयवार तक्ता उघडा, बहुतेक वेळा ४० वर्षांचे लोक भरपूर दिसतील, ४१ चे एकदम कमी, मग ४५ ला परत उसळी, ५० ला त्याहून मोठी. एक्केचाळिसाव्या वर्षी माणसं गायब होतात का? नाही, विचारलं की लोक "असेन चाळीसचा" म्हणतात, बस्स. हा गोंधळ किती आहे ते मोजायला व्हिपल निर्देशांक वापरतात, २३ ते ६२ ह्या वयांत ० आणि ५ ने संपणारी वयं किती जणांनी सांगितली ते बघून. हे न तपासता पुढे म्हातारे किती होणार, दवाखाने किती लागणार ह्याचा हिशोब मांडला तर तो पायापासूनच कच्चा.

"मुलं जास्त म्हणून वाढ." १९५० च्या दशकात जगात एका बाईला सरासरी पाचच्या आसपास मुलं होत होती, आज सव्वादोनच्या आसपास, म्हणजे निम्म्याहूनही कमी. तरी संयुक्त राष्ट्रांच्या हिशोबाने १५ नोव्हेंबर २०२२ ला आपण ८ अब्ज झालो. कारण आधीच्या मोठ्या पिढ्या आता आईबाप होण्याच्या वयात आहेत, प्रत्येकीला दोनच मुलं झाली तरी आयाच इतक्या आहेत की जन्म भरपूर होतात, आणि माणसं जगतातही जास्त. चीनमध्ये जननदर (एका बाईला सरासरी किती मुलं होतात तो आकडा) १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच २.१ च्या, म्हणजे पुढची पिढी आधीच्या पिढीएवढीच राहायला लागतो त्या आकड्याच्या, खाली गेला आणि लोकसंख्या घटायला लागली २०२२ ला! मधली तीस वर्षं नुसता एकूण आकडा बघणाऱ्याला कळणारच नाहीत. किती माणसं ह्यापेक्षा कुठल्या वयाची किती, हा खरा प्रश्न आहे.

"कडक कायदा." चीनची एक मूल सक्ती १९८० ची. पण १९७० ला सहाच्या जवळ असलेला दर १९७९ पर्यंतच तीनच्या खाली आला होता (१९७० च्या दशकातल्या कमी मुलांच्या मोहिमेतही दबाव होता, हे मान्य). इराणमध्ये १९८० च्या दशकात सहाच्या वर असलेला दर २००० पर्यंत दोनच्या आसपास आला, तिथे एक मूल सक्ती नव्हती, गावोगावी आरोग्यघरं होती, मोफत साधनं होती आणि मुली शिकत होत्या.

"अंदाज चुकतात." हो, चुकतात, जन्मांचे तर नक्कीच. जपानमध्ये १९६५ ला १८ लाखांवर जन्म झाले, १९६६ ला साडेतेरा लाखांच्या आसपास आणि १९६७ ला परत १९ लाखांवर. युद्ध नाही, साथ नाही, फक्त त्या वर्षी, तिथल्या जुन्या साठ वर्षांच्या पंचांगचक्रातल्या अग्निअश्वाच्या वर्षी, जन्मलेली मुलगी नवऱ्याला घातक ठरते अशी समजूत. नुसतं गणित येणाऱ्याला हे कसं दिसणार? म्हणून तर समाज, आरोग्य, स्थलांतर, सगळं एकत्र वाचणारी पोरं ह्या विषयात हवीत. आणि वीस वर्षांनी साठीत असणारे लोक आज चाळिशीत आहेतच, तो अंदाज फारसा चुकत नाही.

ज्याला उत्सुकता आहे त्याने संयुक्त राष्ट्रांचे आकडे डाउनलोड करावेत, फुकट आहेत. जपानचा वयाचा पिरॅमिड (कुठल्या वयाची किती माणसं ते आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा आलेख) काढायचा आणि १९६६ ची खाच शोधायची, लगेच सापडते. तेच अग्निअश्वाचं वर्ष ६० वर्षांनी, २०२६ ला परत येतं, आणि ह्या वेळी खाच पडते की समजूत मागे पडलीय, हे तिथले जन्माचे आकडे सांगतील.