‘१८४७’ हे चमच्याचे साल नव्हे

‘जुन्या स्टर्लिंग चांदीचे काटे-चमचे घरबसल्या ओळखा आणि चमकवा’ असा एक संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. (स्टर्लिंग म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी असलेला मिश्रधातू.) न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावशीने तो वाचून, हौसेने विकत घेतलेला जुना संच उकळत्या पाण्यात घालायची तयारी केली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

नक्षी जितकी दाट तितकी वस्तू जुनी, हा पहिला दावा. अठराव्या शतकातील इंग्लंडचे ‘हॅनोव्हेरियन’ आणि ‘ओल्ड इंग्लिश’ हे काटे-चमच्यांचे नमुने अगदी साधे आहेत, तर पानाफुलांनी गच्च भरलेला वॉलेस कंपनीचा ‘ग्रांड बरोक’ १९४१चा आहे. शिवाय नमुन्याचे साल म्हणजे वस्तूचे साल नव्हे. गोरहॅम या अमेरिकी कंपनीचा ‘शँटिली’ नमुना १८९५मध्ये आला आणि पुढे कित्येक दशके निघत राहिला.

‘१८४७ रॉजर्स ब्रदर्स’ असा छाप असेल तर ती त्या सालची अस्सल चांदी, हा दावा मात्र निव्वळ हास्यास्पद आहे. विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा दिलेला माल रॉजर्स बंधूंनी ज्या साली बाजारात आणला, ते साल नंतर व्यापारी नावाचाच भाग झाले आणि आधी मेरिडन ब्रिटानिया, मग १८९८मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल सिल्व्हर या कंपन्यांनी ते मुलाम्याच्या मालावर विसाव्या शतकातही वापरले. अमेरिकेच्या १९०६च्या कायद्यानुसार ‘स्टर्लिंग’ म्हणवणाऱ्या मालात हजार भागांत ९२५ भाग चांदी हवी. तेव्हा शोधायचा तो हा शब्द, वर्ष नव्हे.

सिंहाचा छाप म्हणजे इंग्लिश स्टर्लिंग, हे अर्धे खरे आहे. पण अमेरिकेतल्या गोरहॅमच्या छापातही सिंह आणि जहाजाचा नांगर आहेत. लोहचुंबकाला चिकटत नाही ती चांदी, ही परीक्षा तर जर्मन सिल्व्हर नावाचा मिश्रधातूही पास होतो, ज्यात चांदीचा कणही नसतो.

खरे नुकसान शेवटच्या सल्ल्याने होते: ॲल्युमिनियमची फॉइल, खाण्याचा सोडा आणि उकळते पाणी. रसायनशास्त्र बरोबर आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. चांदीवरचे गंधक ॲल्युमिनियमकडे जाते आणि काळेपणा निघतो. परंतु रीड अँड बार्टन कंपनीच्या ‘फ्रान्सिस फर्स्ट’सारख्या, १९०७च्या नमुन्यात दांड्यावरचे फळांचे घोस उठून दिसतात ते खोबणीतल्या काळसर छटेमुळेच. ती छटा गेली की तीच फळे सपाट, निर्जीव दिसू लागतात, आणि वर्षानुवर्षांच्या वापराने खोबणीत मुरलेला तो काळिमा पुन्हा चटकन येत नाही. सुऱ्यांचे तर त्याहून वाईट. त्यांच्या मुठी बहुधा पोकळ असतात, आत राळेसारखा भराव असतो आणि पाते त्यातच बसवलेले असते. उकळत्या पाण्याने भराव मऊ पडून पाते खिळखिळे होते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडके एवढे पुरे, आणि सुऱ्या पाण्यात भिजत ठेवू नयेत.