मनावर घ्या, आप्पा

आमच्या आप्पांच्या अंगावरून वारं गेलं, त्याला येत्या दसऱ्याला दोन वर्षं होतील. आमच्याकडं लकव्याला असंच म्हणतात. वारं जातं खरं, पण मागं काय राहतं ते फारसं कुणी बोलत नाही, म्हणून लिहितोय. पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी वाचा, बाकीच्यांनी पुढं सरकलं तरी राग नाही.

त्या दिवशी पहाटे आईनं हाक मारली तर आप्पांच्या तोंडातून नुसता आवाज आला. उजवा हात पांघरुणात तसाच पडलेला. आईला वाटलं साखर उतरली, म्हणून तिनं साखरपाणी पाजलं. निम्मं उशीवर सांडलं, निम्मं ठसक्यात गेलं. शेजारच्या काकांनी कांदा फोडून नाकाला लावला. मग गावातल्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, मग आम्ही गाडी शोधायला लागलो. १०८ ला फोन करायचं घरात एकालाही सुचलं नाही, मलाही नाही. मिरजेला पोचून सीटी स्कॅन होईपर्यंत दहा वाजून गेले होते.

तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "शेवटचं धडधाकट कधी बघितलं?" मेंदूच्या नसेतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आणि माणूस झोपेतून उठतानाच असा उठला, तर वेळ रात्री तो शेवटचा नीट दिसला तिथून मोजतात. आप्पा साडेदहाला झोपले होते. मोठी नस बंद असेल तर काही पेशंटमध्ये २४ तासांपर्यंतही गुठळी ओढून काढता येते, आप्पांचं तसं नव्हतं. लकवा नस तुंबूनही होतो आणि नस फुटूनही, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, हेही तिथंच कळलं. त्यामुळं स्कॅनच्या आधी तोंडात पाणी, साखर, रक्त पातळ करायची गोळी, काहीही घालायचं नाही. एवढं आधी माहीत असतं तर, असं मी रोज एकदा तरी म्हणतो.

नऊ दिवसांनी घरी आणलं आणि बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. कुणी केळी आणली, कुणी बिस्किटपुडे. एकानं कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, दुसऱ्यानं अमुक गावात अमावस्येला मिळणाऱ्या औषधाचा पत्ता दिला. त्यावर वेगळी पोस्ट होईल. इथं एवढंच सांगतो, अशा औषधापायी बीपीची गोळी बंद करणारा माणूस मी पाहिलाय आणि त्याला परत आलेला झटकाही पाहिलाय.

पण येणाऱ्या सगळ्यांचं एका वाक्यावर एकमत होतं. "मनावर घ्या, आप्पा." मनावर घेतलं की माणूस कसा उठून चालायला लागतो, याच्या गोष्टी प्रत्येकाकडं होत्या. मीही हेच म्हणायचो, दिवसातून दहादा.

आता त्या वाक्याची मला चीड येते. मन काय छातीत असतं? जिथून मनावर घ्यायचं त्या मेंदूचाच एक तुकडा मेला होता. पाय मोडलेल्याला आपण पळ म्हणत नाही, मग इथंच का म्हणतो?

आप्पा सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात ३१ वर्षं दिवाणजी होते. सकाळच्या एसटीनं जायचं, हळदीचे सौदे, शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या, संध्याकाळी परत. सुट्टीला आमची दोन एकर द्राक्षबाग. कॅल्क्युलेटरला कधी हात लावला नाही. पावकी, निमकी, सवायकी, दीडकी, औटकी, अपूर्णांकांचे सगळे पाढे जुन्या शाळेतले तोंडपाठ. मेंदूच्या डाव्या भागाला मार बसला की शरीराची उजवी बाजू जाते, आणि बहुतेकांची भाषाही त्याच भागात असते, तीही जाते. नातवाचं नाव त्यांना येईना. पाणी हवं असलं की "गाडी" म्हणायचे. चुकलं हे त्यांचं त्यांना कळायचं आणि ते कपाळावर हात मारून घ्यायचे.

तिसऱ्या आठवड्यात पहिला खणखणीत शब्द आला, तो शिवी. फिजिओथेरपीवाल्या पोराला. आई लाजली, मी हसलो, मिरजेच्या स्पीच थेरपिस्ट बाई मात्र खूश झाल्या. म्हणाल्या, शिव्या, आकडे, पाढे, आरत्या असलं घोटलेलं बऱ्याचदा शाबूत राहतं, पाढे म्हणून घ्या. मी नुसतं "सवा" म्हटलं. आप्पा सुरू झाले, "अडीच, पावणेचार, पाच, सव्वासहा, साडेसात…" ज्याला पाणी मागता येत नव्हतं तो माणूस साडेबारापर्यंत जाऊन थांबला.

याचा उलटा परिणामही झाला. पाढे येतात म्हणजे बोलता येतं, मग बोलत नाहीत ते मुद्दाम, असा गावानं अर्थ काढला. "नाटक करतोय म्हातारा," असं एका पाहुण्यानं त्यांच्यासमोर म्हटलं. वाचा गेली म्हणून कान जात नाहीत हो.

चौथ्या महिन्यात आप्पा थांबले. तोवर काठी घेऊन अंगणापर्यंत जायचे. मग एक दिवस उठेनात. फिजिओ आला की डोळे मिटून घ्यायचे. भाकरी अर्धी, जाग पहाटे तीनला. आम्ही त्याला काय म्हणालो? आळस, हट्ट, लाड. मी एकदा ओरडलो, एका व्हिजिटला चारशे रुपये घालतोय आणि तुम्ही… पुढचं लिहवत नाही.

लकव्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला डिप्रेशन येतं. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. घरी सोडताना दिलेल्या कागदावर बीपी, साखर, कोलेस्ट्रॉल, मीठ कमी, सगळं होतं, मनाबद्दल एक ओळ नव्हती. दर तपासणीला हात वर करा, पाय उचला, जीभ दाखवा. झोप लागते का, जेवावंसं वाटतं का, हे विचारायला किती वेळ लागतो? आणि ज्याला बोलताच येत नाही त्याच्याकडं तर जास्त बारकाईनं बघायला हवं.

यात आणखी एक गोम आहे. चुलत्यांच्या मयताला आप्पांना हसू फुटलं, थांबेना. बातम्या बघताना मात्र ढसाढसा रडायचे. हे डिप्रेशन नव्हे. हसण्या-रडण्यावरचा मेंदूचा लगाम सुटतो, आत दुःख नसताना रडू येतं आणि आनंद नसताना हसू. दोन्ही वेगळी, दोन्हींवर औषध आहे. हे आम्हाला नंतर कळलं. भाऊबंदांतल्या दोघांना अजून पटलेलं नाही.

आता औषधाचंच सांगतो. आमचा तासगाव तालुका द्राक्षाचा. इकडं औषध म्हटलं की आधी बागेवर मारायचं आठवतं, आणि घरोघरी त्याची एक खोली नाहीतर कपाट असतं. एका संध्याकाळी आप्पांनी माझा हात धरला, त्या खोलीकडं मान केली आणि म्हणाले, "औषध. मला." मी बीपीची गोळी आणून दिली. त्यांनी ती घेतली नाही. आईला माझ्याआधी कळलं.

त्या रात्रीत ती खोली रिकामी केली. सगळं चुलतभावाच्या शेडमध्ये, कुलपात, किल्ली त्याच्याकडं. दुसऱ्या दिवशी सांगलीला मानसोपचार तज्ज्ञांकडं गेलो. त्यांनी आप्पांच्या समोर खुर्ची घेतली आणि सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का? वाटत असेल तर मान हलवा." मला धस्स झालं. वाटलं, नसतं काहीतरी डोक्यात भरतील. पण विचारल्यानं तसला विचार डोक्यात शिरत नाही, आधीच असेल तर सांगायची सोय होते. आप्पांनी मान हलवली. चार महिने आवळून धरलेले त्यांचे खांदे तेव्हा सैल पडलेले दिसले.

गोळ्या सुरू झाल्या. फरक दिसायला दोन-चार आठवडे लागतील असं सांगितलं होतं. आमच्याकडं पाचव्या आठवड्यात दिसला, तीनऐवजी पाचला जाग यायला लागली. डॉक्टरपर्यंत लगेच पोचणं जमत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. मी एकदा केलाय. आप्पांसाठी नव्हे, माझ्यासाठी.

आणि मग आम्ही दुसरी चूक केली. घाबरून घराची तिजोरी करून टाकली.

त्यातलं काही बरोबर होतं, ते आजही सांगेन. न्हाणीत धरायला दांडी बसवली, बसायला स्टूल ठेवलं, आतली कडी काढली. उजव्या हाताला चटका कळत नाही म्हणून पाणी डाव्या हातानं बघायचं. उठवताना काखेत हात घालून ओढायचं नाही, लुळ्या बाजूचा खांदा निखळतो. जेवण ताठ बसवून, छोटा घास, पातळ चहा ठसक्यात जातो म्हणून सुरुवातीला थोडा दाट करून. ताटातली उजवीकडची भाजी रोज तशीच राहायची. आई म्हणायची आवडत नसेल. नंतर कळलं, त्यांना ती दिसतच नाही. तेव्हापासून मध्येच ताट फिरवतो.

पण फाटकाला कुलूप कशाला लावलं? पाराकडं जायचं नाही, पायरी उतरायची नाही, एकटं बसायचं नाही. माणूस पडू नये म्हणून त्याला हलूच दिलं नाही. आप्पा एकदा कुलपाकडं बघून म्हणाले, "जेल." शंभरातले नव्वद शब्द चुकतात त्यांचे, हा बिनचूक आला.

पडण्याची भीती खोटी नाही. लुळ्या बाजूचं हाड ठिसूळ होतं आणि खुबा मोडला तर परत अंथरूण. तरीही माझं मत असं की किती धोका पत्करायचा हे ठरवताना ज्याचं अंग आहे त्याला विचारायला हवं. मग बसून सौदा केला, दिवाणजीशी सौदा. त्यांनी डाव्या हाताची बोटं दाखवली, मी घासाघीस केली. ठरलं ते असं: सकाळी पारापर्यंत जायचं, मी वीस पावलं मागं, खिशात कार्ड. कार्डावर लिहिलंय, "मला लकवा झाला आहे. समजतं सगळं. बोलायला वेळ लागतो, थांबा." आजवर दोनदा पडलेत. दुसऱ्या वेळी कोपर सोलपटलं तेव्हा आई माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती.

आईचंही सांगायला पाहिजे. दोन वर्षांत तिची झोप तुटली, स्वतःचं बीपी वाढलं, आणि येणारा प्रत्येक जण तिला "आप्पा कसे आहेत" एवढंच विचारतो. आता महिन्यातले चार दिवस ताई येते आणि आई माहेरी जाते. पहिल्यांदा पाठवलं तेव्हा अपराध्यासारखी गेली होती. आता पिशवी आदल्या दिवशीच भरते.

मार्केट यार्डाबद्दल लिहिलं तर त्याची गोड गोष्ट होईल, म्हणून जपून लिहितो. गोळ्या सुरू होऊन दोन महिने झाले तेव्हा, चैत्रात, सौदे जोरात असताना त्यांना घेऊन गेलो. ओळखीचे हमाल, व्यापारी भेटले, बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं बोलले, आणि त्यांच्याबद्दलचे प्रश्न मला विचारले. आप्पा रडले, तासाभरात घरी चला म्हणून खूण केली. चमत्कार वगैरे काही नाही. फक्त निघताना पोत्यातलं हळकुंड डाव्या हातानं उचललं, माझ्याकडं दिलं, मोडायला लावलं, आतला रंग बघितला आणि तोंड वाकडं केलं. भाव जास्त लागलाय, असा त्याचा अर्थ. पुढच्या आठवड्यात सौद्याच्या दिवशी स्वतःच चपला शोधायला लागले.

ही पोस्ट टाकायच्या आधी त्यांना वाचून दाखवली. त्यांच्याबद्दल आहे, विचारायला नको? औषधाच्या खोलीचं आलं तिथं मी थांबलो, त्यांनी हातानं पुढं वाच म्हणून सांगितलं. मग मार्केट यार्डाच्या ओळीवर परत यायला लावलं आणि बोट आपटलं. काहीतरी चुकलं होतं. हवा तो आकडा त्यांना एकदम येत नाही, खालपासून चढत जावं लागतं. "एक, दोन, तीन…" करत निघाले. मी मध्ये बोललो नाही. एकतीसवर थांबले नाहीत, तेहतीसवर थांबले.

वर ३१ लिहिलंय ते ३३ वाचा.