कॉट बघायला जाताय? मग एवढं ऐकाच

एमपीएससीच्या तयारीसाठी पुण्यात आलात आणि सदाशिव-नारायण पेठेत जागा शोधताय? मग खोली हा शब्द आधी डोक्यातून काढा. तुम्हाला मिळणार आहे ती कॉट. कॉटखालची जागा बॅगेसाठी, आणि ती फुकट आहे असं घरमालकीण काकू सांगतील. माना.

जागा बघायला दुपारी बारा-एकला जावं. पोरं अभ्यासिकेत गेलेली असतात, खोली ऐसपैस वाटते. सकाळी सातला चुकूनही जाऊ नका. टॉवेल खांद्यावर टाकून संडासापुढे उभी असलेली भावी अधिकाऱ्यांची रांग बघून उगाच मन कलुषित होतं.

भिंतीवर आधीच्या मुलाचं वेळापत्रक चिकटवलेलं असेल: पहाटे ४.३० उठणे, ५ ते ८ राज्यघटना. ते काढायला जाऊ नका. त्याच्यामागे ओल आहे. शेजारच्या महाराष्ट्राच्या नकाशाला तर हातही लावू नका, तो बराच मोठा आहे.

नळ सोडून बघणं हा उद्धटपणा. ‘पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही’ म्हटल्यावर मान डोलवायची. एखाद्या गुरुवारी महापालिका देखभाल-दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवते आणि शुक्रवारी ते ‘उशिरा व कमी दाबाने’ येतं, तेव्हा कळेलच.

आता मुलाखत. आयोगाची पुढे कधीतरी होईल, काकूंची आत्ताच. जात कुणी विचारत नाही हो, पुण्यात आहात तुम्ही! फक्त आडनाव विचारतात. त्यावरून उलगडा झाला नाही तर गाव, मग गावातली आळी, आणि तरीही अडलंच तर ‘तुमच्यात काय काय चालतं?’ इथे ‘अंडं खातो, पण बाहेर’ असला प्रामाणिकपणा नको. एथिक्सचा पेपर वेगळा असतो. आडनाव पसंत नसेल तर कॉट कालच गेलेली असते. वाद घालू नका, समतेच्या हक्काचं कलम तुम्हाला पाठ आहे, काकूंना नाही.

कराराचं तर नावच काढू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५: करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. दोषी ठरल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इतकंच काय, नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. सुंदर कलम आहे, पेपरात लिहायला राखून ठेवा. इथे डिपॉझिट रोख द्यायचं आणि काकूंनी कॅलेंडरच्या मागे नोंद केली की पावती मिळाली समजायचं. ते परत मिळतंच, रंगाचे पैसे वजा करून. रंग कुठे लावला, हे शोधत बसू नका.

गीझर पावणेसातपर्यंत, मित्र दारापर्यंत, दिवा अकरापर्यंत. रात्रभर अभ्यास करायचा असेल तर अभ्यासिका आहे, तिची फी वेगळी.

आणि हो, जागा सोडायची तर महिनाभर आधी सांगावं लागतं. काकूंना सोडवायची असेल तर त्या आदल्या रात्री सांगतात: “पुतण्या येतोय रे, उद्या कॉट रिकामी कर.” पुतण्या काही येत नाही. दोन दिवसांनी चौकातल्या विजेच्या डीपीवर त्याच कॉटची जाहिरात लागते, भाडं पाचशेनं वाढवून.