नुसते फोटो नका हो पाठवू!

कोणी प्रवासाहून परतलं की धडाधड फोटो येऊन पडतात आणि खाली एक अक्षर नाही. कुठलं, कधीचं, समजायचं कसं? आता कंबोडियातल्या अंगकोर वाट या मंदिराचंच घ्या, त्याचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणून तिथे सूर्य मंदिराच्या मागून उगवतो. ते बघायला अंधारात उठून तळ्याकाठी उभे राहिलात, मग लिहा की तसं! आम्हाला तेच ऐकायचंय. त्यात मेसेजिंग अ‍ॅपवरून साधा फोटो पाठवला की त्याचा दर्जा उतरतो आणि आत नोंदलेली तारीख, ठिकाण बहुतेक वेळा पुसलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, सगळं शाबूत राहतं. बरं, विचारलं तर उत्तर काय? 'कंबोडिया असेल, नाहीतर थायलंड.' अहो, स्वतः जाऊन आलात ना तिथे!