परड्यातला वस्ताद

कोल्हापुरात कुणी काय पाळावं याची एक उतरंड ठरलेली आहे. सगळ्यात वर म्हैस. दिवाळीच्या पाडव्याला तिची शिंगं रंगवतात, गळ्यात घुंगरं आणि कवड्यांच्या माळा घालतात, आणि मालकाच्या मोटारसायकलमागं ती अशी पळते की रस्त्यातल्या चारचाकीवाल्यानं मुकाट बाजूला व्हावं. तिच्याखालोखाल कबुतरं. कबुतरवाला दिवसभर गच्चीवर आभाळाकडं तोंड करून उभा राहिला तरी त्याला कुणी रिकामटेकडा म्हणत नाही, शौकीन म्हणतात. कोंबडीला या उतरंडीत जागाच नाही. मटणाच्या गावात चिकन मुळात भाजीपाल्यात धरतात, तिथं जिवंत कोंबडीला कोण विचारतो? "कोंबड्या पाळल्यात" असं सांगितलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न एकच, "कधी कापायच्या?"

माझ्याकडं त्या आल्या सासुरवाडीहून. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या वाडीतनं मेव्हण्यानं चार तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, आणि एक कोंबडा, पाय बांधून, पिशवीतनं माना बाहेर काढून वडापच्या जीपनं पाठवून दिले. शिवाजी पेठेतल्या आमच्या घराला मागं परडं आहे. पेठेतली परडी बहुतेकांनी बांधून काढली. आमचं वाटणीच्या वादात अडकल्यामुळं वाचलं. त्याच्या तीन बाजूंना तीन घरं. जुनं दार, थोडी जाळी आणि दोन पत्रे यांचं खुराडं मीच उभं केलं. ते कलतं झालं, पण कोंबड्यांची काही तक्रार नव्हती. परड्यात तक्रार नसलेले तेवढेच.

कोंबडा तांबडा, शेपटीला काळी-हिरवी झाक, चालताना छाती पुढं. पोरानं त्याचं नाव ठेवलं वस्ताद. पेठेत हे नाव ठेवायला धाडस लागतं, कारण गल्लीच्या टोकाला तालीम आहे आणि तिथं खरे वस्ताद बसतात.

पहाटे चारला वस्ताद पहिली बांग देतो. बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१८ साली कोंबड्यांच्या कानाशी बारीक मायक्रोफोन बांधून या बांगेचा आवाज मोजला. तो शंभर डेसिबलच्या बराच वर गेला. गंमत पुढंच आहे. कोंबड्यानं चोच पूर्ण उघडली की त्याच्या कानाची वाट आपोआप मिटते. म्हणजे अख्खी गल्ली उठवणाऱ्या या प्राण्याला स्वतःची बांग नीट ऐकूच येत नाही. निसर्गानं ही सोय फक्त कोंबड्याला दिली असावी असा माझा समज होता. मग मागच्या घरातला मंडळाचा अध्यक्ष भेटायला आला.

"दादा, तुमच्या कोंबड्याचा लई कालवा होतोय. झोपंचं पार खोबरं झालंय."

गेल्या गणपतीत याच्याच मंडळानं डॉल्बीची जी भिंत उभी केली होती, तिच्या दणक्यानं आमच्या फडताळातले डबे चालत चालत कडेपर्यंत आले होते. मी त्याची आठवण करून दिली.

"ती परंपरा हाय दादा. आन् डॉल्बी वर्षातनं एकदा. ह्यो रोज हाय."

मुद्दा बिनतोड होता. शिवाय हा रंकाळ्यावर दोस्तांबरोबर बसून रात्री दोनला घरी येणार. वस्तादाची पहाट ही त्याची मध्यरात्र. शेजारधर्म म्हणून मी वस्तादाला झाकायचं ठरवलं.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण लहानपणापासून कानावर आहे. त्यात तांबड्याचं काय होतं ते सांगितलंय, झाकलेल्या कोंबड्याचं काय होतं ते कुणीच सांगत नाही. ते आतनं आरवतं. डालग्याखाली आरवतं, डालग्यावर पोतं टाकलं तरी आरवतं, पोत्यावर वाकळ टाकली तर विहिरीतनं आल्यासारखं घुमून आरवतं. जपानमध्ये नागोया विद्यापीठातल्या मंडळींनी २०१३ साली कोंबडे चोवीस तास एकसारख्या मंद उजेडात ठेवून बघितले. तरी ते पहाटेच्याच सुमाराला आरवत राहिले, कारण घड्याळ त्यांच्या अंगातच असतं. हे वाचल्यावर वाकळ तेवढी मी परत घरात आणली. बायकोनं ती दोनदा धुतली आणि पोराच्या अंथरुणावर घातली. पोराला अजून सांगितलेलं नाही.

उजव्या बाजूच्या काकूंचं प्रकरण सांडग्यांचं. उन्हाळ्यात त्यांच्या गच्चीवर सांडगे, पापड, कुरडया वाळत असतात. गावठी कोंबडीला पाच फुटी भिंत म्हणजे काही विशेष नाही. त्यातली एक एकदा सांडग्यांच्या ताटात उभी सापडली. झालं. त्यानंतर गच्चीवरून जे जे कमी झालं, कावळ्यांनी नेलेलं, नातवंडांनी कच्चं खाल्लेलं, ते सगळं माझ्या खात्यावर पडलं.

"भावजी, मी काय म्हणतो, माझं तोंड वाईट न्हाई. पण वाळवण काय फुकट होतंय व्हय?"

मी चार अंडी नेऊन दिली. काकूंचा सूर त्या क्षणी बदलला, आणि आमच्या परड्याचं अर्थकारणही. दोन दिवसांनी अध्यक्ष हजर. त्याला व्यायामानंतर दुधात कच्चं गावठी अंडं फोडून प्यायचं असतं. "दुकानातल्या अंड्यात दम न्हाई दादा."

आता गावठी कोंबडीचा हिशोब असा की ती वर्षाकाठी साठ-सत्तर अंडी देणार, तीही सलग नाही. दहा-पंधरा घातली की ती खुडूक होते आणि पुढं कित्येक दिवस नुसती फुगून बसते. त्यात एक अंडं तयार व्हायला चोवीस तासांहून थोडा जास्तच वेळ लागतो, त्यामुळं घालायची वेळ रोज पुढं सरकत जाते. हे मी काकूंना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "दूधवाला कसा येतोय बरोबर सहाला?" अंडं घातल्यावर कोंबडी सगळ्या जगाला ओरडून सांगते, आणि ते नेमकं भर दुपारी, गल्ली आडवी झालेली असताना. पूर्वी त्या ओरडण्यानं खिडक्या उघडायच्या त्या शिव्या द्यायला. आता वाट्या घेऊन उघडायला लागल्या. "मागल्या खेपंला मोठं हुतं," असंही काकूंनी एकदा ऐकवलं. आमच्या घरात ऑम्लेट होतं ते कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पांढऱ्या अंड्यांचं.

अंड्यापुढं सगळे नमले. डावीकडचे आप्पा नमले नाहीत, कारण आप्पा माळकरी.

लाच घेणारा शेजारी कसाही असला तरी त्याच्याबरोबर दिवस काढता येतात. न घेणाऱ्याचं काय करायचं? आप्पा जमीन मोजणीच्या नोकरीतनं निवृत्त झालेले. पहाटे काकड्याला ते वस्तादाच्या आधी उठतात, त्यामुळं झोपेचा प्रश्न नव्हता. प्रश्न हद्दीचा होता. आमच्या दोन परड्यांमध्ये भिंतीऐवजी कढीलिंबाची आणि जास्वंदीची रांग आहे. तिच्याखालनं कोंबड्या बिनदिक्कत पलीकडं जाऊन माती उकरतात. आप्पांनी टेप काढली. एका पांढऱ्या कोंबडीनं त्यांच्या हद्दीत सव्वा फूट आत उकरल्याचं त्यांनी मला मोजून दाखवलं. टेपचं दुसरं टोक मलाच धरायला लावलं होतं.

मग त्यांनी मोबाइलवर आवाज मोजायचं काहीतरी घेतलं. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम त्यांना पाठ. वस्ती भागात रात्री दहा ते सकाळी सहा मर्यादा पंचेचाळीस डेसिबल, आणि त्यांच्या मोबाइलवर वस्ताद ऐंशीच्या पुढं गेलेला.

"आन् आता म्हमईला जायची गरज न्हाई," आप्पा म्हणाले, "सर्किट बेंच हितंच हाय."

हे मात्र मला लागलं. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं बेंच मिळावं म्हणून वकिलांबरोबर अख्खं गाव वर्षानुवर्षं भांडलं. ते ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं तेव्हा मीही साखर वाटली होती. त्याचा पहिला उपयोग वस्तादाविरुद्ध होईल असं वाटलं नव्हतं.

मीही काही कच्चा नव्हतो. फ्रान्समध्ये एका बेटावर मोरीस नावाचा कोंबडा होता. तो आरवतो म्हणून शेजारी कोर्टात गेले होते. २०१९ साली कोर्टानं निकाल कोंबड्याच्या बाजूनं दिला. पुढं २०२१ मध्ये तिथं कायदाच झाला, की खेड्यातले आवाज आणि वास हा देशाचा वारसा आहे. हे सगळं मी आप्पांना तारखांसकट ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "ते खेड्यातलं झालं. शिवाजी पेठ खेडं हाय, असं तालमीपाशी उभं ऱ्हाऊन म्हणा. मग बघू."

मी विषय बदलला.

एक तह झाला होता, खताचा. कोंबडीचं खत जबरी असतं, पण गरम. तीन-चार महिने कुजवल्याशिवाय झाडाला घालायचं नसतं. पोतं देताना मी हे दोनदा सांगितलं. मला शेतीतलं काय कळतंय या विश्वासानं आप्पांनी ते त्याच संध्याकाळी मोगऱ्याच्या बुडाला ओतलं. आठवड्यात मोगऱ्यानं मान टाकली. आप्पांनी त्या वाळक्या मोगऱ्याचा फोटो काढून ठेवलाय, तारखेसकट.

मग आषाढ लागला. आषाढात मंगळवारी आणि शुक्रवारी पंचगंगेचं नवं पाणी कलशांतनं टेंबलाईच्या टेकडीवर जातं. पुढं पी-ढबाक वाजत असतं, आणि यात्रा करून आलं की गल्लोगल्ली मटणाची जेवणं. या महिन्यात शेजारी फार गोड वागायला लागले. अध्यक्षानं खांद्यावर हात टाकून विचारलं, "दादा, गल्लीची यात्रा हाय. वस्तादाचं काय ठरलं मग?" काकूंनी वाटणाची जबाबदारी आपणहून घेतली. ज्याच्या बांगेनं यांच्या झोपा उडत होत्या, त्याच्या वजनाबद्दल आता दोघंही आदरानं बोलत होते. पोरानं दोन वेळचं जेवण सोडलं. बायको म्हणाली, "माझ्या माहेरचा जीव हाय त्यो. कोण हात लावतंय बघतो मी."

आणि अनपेक्षितपणे आप्पा कुंपणापाशी आले. "माझी तक्रार आवाजाची हाय, जिवाची न्हाई. हत्येला माझी संमती न्हाई." अध्यक्ष निमूट बाजारात गेला आणि यात्रेचं मटण विकत आलं.

या गडबडीत पांढरी कोंबडी नाहीशी झाली. मुंगसानं नेली असं आम्ही धरून चाललो. तिसऱ्या दिवशी आप्पांनी हाक मारली. त्यांच्या सोप्यात भजनाच्या टाळांची एक लाकडी पेटी असते. तिच्यात टाळांच्या फडक्यावर पांढरी पसरून बसली होती, पोटाखाली अकरा अंडी. गेले कित्येक दिवस आमच्याकडं कमी पडत होती ती इथं साठत होती. मी उचलायला हात पुढं केला तर तिनं चोच मारली, आणि आप्पांनी माझं मनगट धरलं.

"बसल्या जिवाला उठवू नै."

अंडी उबायला एकवीस दिवस लागतात. आप्पांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्या. पेटीशेजारी पाण्याची वाटी आणि तांदळाची कणी ठेवली. कोंबडी दिवसातनं एकदाच उठते तेव्हा मांजर येऊ नये म्हणून काठी घेऊन दारात बसायला लागले. कुणीतरी सांगितलं म्हणून सातव्या रात्री अंडी बॅटरीच्या उजेडापुढं धरून आतल्या शिरा बघितल्या. म्हणजे अंडी मी धरली, शिरा त्यांनी बघितल्या. अंड्याला ते हात लावत नाहीत. गुरुवारचं भजन टाळांविना झालं, तेही हळू आवाजात. अध्यक्षानं शेजारच्या चौकात स्पीकर लावला तर आप्पा तिथं जाऊन पंचेचाळीस डेसिबल सांगून आले. आषाढी एकादशीला ते दिंडीबरोबर नंदवाळला चालत निघाले, उसने टाळ घेऊन. निघताना मला बजावलं, "दुपारी कणी टाका. आन् सारखं डोकावू नका, ती बिथरती." कोंबडी माझी होती, हे बहुधा फक्त मलाच आठवत होतं.

नऊ पिल्लं निघाली. मानमोडी रोगाची लस सरकारी दवाखान्यातनं आप्पांनीच आणली आणि प्रत्येकाच्या डोळ्यात थेंब टाकला. वहीत नोंद केली. काकूंच्या मांजराविरुद्ध हद्दीचा मुद्दा काढला. कढीलिंबाच्या रांगेतली खालची फट त्यांनी स्वतः मोठी करून दिली, पिल्लांना येता-जाता यावं म्हणून.

थंडी पडेपर्यंत पिल्लं अंगानं भरली आणि हिशोब उघडा पडला. नवातले पाच कोंबडे. कोंबड्यांत बांग द्यायलाही मान ठरलेला असतो. सगळ्यात वरचढ कोंबडा पहिली देणार, बाकीचे पायरीपायरीनं त्याच्यामागं. हेही जपानी लोकांनीच २०१५ मध्ये तपासून ठेवलंय. आमच्याकडं ते आता रोज पहाटे बघायला मिळतं. आधी वस्ताद, मग पाच पट्ठे, ओळीनं. शेवटच्याला अजून नीट जमत नाही. तो अर्ध्यात अडकतो आणि पुन्हा पहिल्यापासनं सुरू करतो.

आप्पा वही घेऊन आले. "फाळणी करून टाकू. चार तलंगा माझ्याकडं. आरवणारे पाच तुमच्याकडं."

"आप्पा, तुम्ही तर अंडी खात नाही."

"मी कशाला खातोय? हातसुद्धा लावणार न्हाई. नातू नेऊन दील काकूंस्नी, अध्यक्षाला." त्यांनी वहीतनं एक टाइप केलेला कागद काढला आणि माझ्यापुढं धरला. "सहा कोंबड्यांच्या आवाजाचा अर्ज हाय. तुमच्या विरोधात. त्येंच्या सह्या लागणार न्हवं का?"