‘एवढा जीव लावलाय, तर खेकडा समुद्रात का सोडत नाही?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या पॉम-पॉम खेकड्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोन दिवसांत चार-पाच वेळा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : समुद्रातले जीव पकडून काचेच्या पेटीत कोंडायचे आणि त्याला छंद म्हणायचं, ही क्रूरता आहे. जगभरातली प्रवाळ मरत असताना हौशी लोक त्यात भर घालतायत. माझ्यासारख्यांचे रसभरीत लेख वाचून नवी माणसं असे जीव घरी आणतात आणि महिन्या-दोन महिन्यांत मारतात. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, त्या खेकड्यावर एवढा जीव आहे, तर त्याला परत समुद्रात का सोडत नाही?

काही वाचकांनी तुम्हाला ‘तुम्हाला यातलं काय कळतं’ अशा सुरात उत्तरं दिली, ती मला अजिबात पटली नाहीत. तुम्ही विचारलंय ते विचारायलाच हवं. काही ठिकाणी माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे, काही ठिकाणी मला तुमचं म्हणणं मान्य करावं लागतं.

नव्या माणसांच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक सरळसरळ माझी आहे. लेखात मी लिहिलं होतं, ‘थोडी काळजी घेतली की सगळं जमतं.’ हे खरं नाही, आणि खरं नाही हे मला माहीत होतं.

पहिल्या वर्षी मी मँडरिन मासा आणला होता. निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी रेघा, बोटाएवढा जीव. विकणाऱ्याने सांगितलं, काहीही खातो. टँक २०० लिटरचा, सुरू होऊन जेमतेम चार महिने झालेले. मँडरिन दिवसभर दगडांवरून सरकत राहतो आणि एकेक कोपेपॉड टिपतो. कोळंबीच्या दूरच्या नात्यातले हे जीव (आम्ही त्यांना पॉड्स म्हणतो) डोळ्यांना जेमतेम दिसतात. समोरून गोठवलेलं खाद्य वाहत गेलं तरी तो ढुंकूनही बघत नाही. सुरुवातीला तो मजेत होता, मला वाटलं रुळला. प्रत्यक्षात तो माझ्या दगडांतले पॉड्स संपवत होता. मग एके संध्याकाळी तो काचेजवळ तोंड माझ्याकडे करून थांबला, तेव्हा दिसलं की पोटाच्या दोन्ही बाजू आत गेल्यात. पॉड्सच्या बाटल्या आणून ओतल्या, पिपेटने तोंडासमोर खाद्य धरलं. नवव्या आठवड्यात तो गेला. रंग शेवटच्या दिवसापर्यंत तस्सा होता, त्यामुळे रंगाकडे बघणाऱ्याला काही कळतच नाही.

त्या नऊ आठवड्यांत माझ्या पाण्यात काहीही चूक नव्हती. क्षारता हजारी ३५, तापमान २५-२६ अंश, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. सगळ्या टेस्ट किट्स मला शाबासकी देत होत्या आणि मासा उपाशी मरत होता. ‘थोडी काळजी’ मी भरपूर घेतली होती. मला विचारायला हवं होतं ते आणण्याआधी : हा दिवसभर काय खातो, आणि ते माझ्या टँकमध्ये रोज तयार होतं का? आता माझ्याकडे टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत पॉड्स निर्धास्त वाढावेत म्हणून वेगळा कप्पा (रिफ्युजियम) आहे, रात्री टॉर्च लावला की काचेवर पॉड्स धावताना दिसतात. तरीही मँडरिन मी पुन्हा आणलेला नाही. लेखातलं ते वाक्य काढून टाकलंय आणि त्या जागी ही हकिगत घातलीय.

आता ‘कोंडणं’. इथे मला वाटतं, कुठल्या जिवाबद्दल बोलतोय हे आधी ठरवावं लागेल. सर्जन मासे दिवसभर खडकांवरून चरत लांबलांब पोहत असतात. ते चार फुटांच्या टँकमध्ये काचेपासून काचेपर्यंत फेऱ्या मारताना मी पाहिलेत आणि तिथे तुमचा शब्द पुरेपूर लागू होतो. ऑक्टोपसचंही तसंच. मला भेट मिळत होता, मी नाही म्हटलं.

माझा खेकडा मात्र वेगळ्या आयुष्याचा जीव आहे. त्याची पाठ माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी. समुद्रात तो उथळ पाण्यातल्या दगड-प्रवाळांच्या तुकड्यांखाली राहतो. दोन्ही नांग्यांत एकेक इवलं समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा, डंख मारणारा प्राणी) धरलेलं असतं, म्हणून पॉम-पॉम. नांग्या इतक्या बारीक की काही फोडणं त्यांच्याने होत नाही. त्या फुलं धरायलाच आहेत. कुणी जवळ आलं की तो डंख असलेली फुलं पुढे करतो. फुलांच्या स्पर्शकांना खाण्याचे कण चिकटले की ते काढून स्वतः खातो. म्हणजे फुलाच्या तोंडचा घास पळवतो, आणि त्यामुळे फूल लहानच राहतं. तांबड्या समुद्रातल्या याच्या भावकीतल्या एका जातीवर अभ्यास झालाय, २०१७ साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी एका नांगीतलं फूल काढून घेतलं, तर खेकड्याने उरलेलं फूल दोन्ही नांग्यांनी ताणून फाडलं आणि अर्धंअर्धं दोन्हीकडे धरलं. थोड्या दिवसांत दोन्ही अर्ध्यांची पूर्ण फुलं झाली. एका प्राण्याने दुसऱ्या प्राण्याची अशी कलमं करावीत, हे वाचून मी रात्रभर जागा होतो आणि दुसऱ्या दिवशी तो लेख लिहायला घेतला होता.

त्याची टाकी वेगळी आहे, ४० लिटरची. मागच्या महिन्यात पहाटे लाल प्रकाशाचा टॉर्च घेऊन बघायला गेलो, तर दगडाच्या कडेला दोन्ही फुलं ठेवलेली. ठेवलेली म्हणतो, कारण ती शेजारी शेजारी होती, पडल्यासारखी नव्हती. बाजूला पाय पसरलेला दुसराच एक खेकडा, स्तब्ध. काळजात धस्स झालं. मग कळलं की ती कात आहे, पारदर्शक, पायांच्या टोकांपर्यंत पूर्ण. मालक दगडाच्या खाचेत आत सरकून बसला होता, मऊ, फिकट, नांग्या रिकाम्या. मी दिवा लावला नाही, हात घातला नाही. दुसऱ्या रात्री फुलं पुन्हा नांग्यांत होती.

चौदा महिने झाले, तो त्याच दगडापासून वीतभराच्या पलीकडे क्वचितच गेलाय. खातो, कात टाकतो, कोळंबी जवळ आली की फुलं नाचवतो. त्याला जागा अपुरी पडतेय असं म्हणायला मला काही आधार दिसत नाही. काचेपलीकडचा समुद्र त्याला आठवतो का, हे मात्र त्याच्या वागण्यावरून मी सांगू शकत नाही, आणि तसा दावाही करत नाही.

पण तो माझ्याकडे आला कसा? समुद्रातूनच. हा तुमचा सगळ्यात जड मुद्दा, आणि तो टाळून चालणार नाही. शोभेच्या माशांच्या धंद्याचा इतिहास काळा आहे. फिलिपिन्समध्ये १९६०च्या दशकापासून मासे गुंगवायला प्रवाळांच्या फटीत सोडियम सायनाइडच्या पिचकाऱ्या मारल्या गेल्या. त्यात आसपासची प्रवाळं मरतात, आणि पकडलेले मासेही पुढच्या काही दिवसांत एकेक करून जातात. इंडोनेशियातल्या बांगाई बेटांजवळचा कार्डिनल मासा १९९०च्या दशकात हौशी लोकांच्या नजरेत आला आणि त्याची इतकी पकड झाली की २००७ साली तो आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या लाल यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून गेला. या माशाचा नर अंडी तोंडात धरतो आणि पिल्लं बाहेर पडतात ती थेट छोटे मासे म्हणूनच. इतर माशांच्या अळ्यांसारखी ती प्रवाहाबरोबर दूर जात नाहीत. त्यामुळे एखाद्या खाडीतले कार्डिनल पकडून संपवले की शेजारून नवे येऊन ती जागा भरत नाही. यात आम्हा हौशी लोकांचा दोष आहे, दुसऱ्या कुणाचा नाही.

याच सवयीमुळे हा मासा घरी वाढवता येतो, हेही खरं. माझी जोडी टँकमध्येच जन्मलेल्या आई-बापांची आहे. नर अंडी धरतो तेव्हा दोन-तीन आठवडे काही खात नाही, हनुवटी फुगलेली, टँकच्या कोपऱ्यात स्थिर. एकदा त्याने तोंड किंचित उघडलं आणि आतून डोळ्यांच्या दोन जोड्या माझ्याकडे बघताना दिसल्या. आता माझा नियम झालाय : मासा घ्यायचा तर टँकमध्ये जन्मलेला, नाहीतर नाही. ही निवड वाढतेय. सर्जन माशांपैकी पिवळा टँग २०१५ साली आणि निळा टँग २०१६ साली पहिल्यांदा संशोधकांनी अंड्यापासून वाढवला. माझी प्रवाळंही समुद्रातून तोडून आणलेली नाहीत. दुसऱ्यांच्या टँकमधल्या फांद्यांचे बोटभर तुकडे घेऊन, दगडावर चिकटवून वाढवली आणि पुढे तशीच वाटली.

खेकडा या नियमात बसत नाही. आधी त्याच्याबरोबर एक मादी होती, तिने दोनदा अंडी धरली, अळ्या बाहेरही पडल्या. सूक्ष्म, तरंगणाऱ्या, धुळीसारख्या. वेगळ्या भांड्यात ठेवून रोज प्लवक घातलं. पहिली तुकडी सहा दिवस जगली, दुसरी नऊ. मादी पुढे वय होऊन गेली. मी यात यशस्वी होईन असं आज तरी दिसत नाही, म्हणून समुद्रातून पकडलेला दुसरा खेकडा मी आणणार नाही. हा निर्णय तुमची प्रतिक्रिया वाचून झाला. आधी मी तो पुढे ढकलत होतो.

प्रवाळांच्या मरणाबद्दल थोडंच लिहितो. समुद्र तापला की प्रवाळाच्या पेशींत राहणारी शैवालं निघून जातात, त्यांच्याबरोबर रंगही जातो आणि जेवणाचा मोठा वाटाही. यालाच विरंजन म्हणतात. एप्रिल २०२४ मध्ये चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा झाली, त्याचं कारण उष्णता आहे. काही हौशी मित्र म्हणतात की आपले टँक म्हणजे प्रवाळांचं राखीव बियाणं. मला हे म्हणवत नाही. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिवे आणि तापमान यांतून चंद्र नि ऋतू उभे केले आणि बंद टाक्यांत प्रवाळांकडून बीज सोडवून घेतलं. ते काम खरंच समुद्राच्या उपयोगाचं आहे. माझ्या दिवाणखान्यातल्या टँकने एकही प्रवाळ समुद्राला परत दिलेलं नाही.

आता खेकडा समुद्रात का सोडत नाही, ते सांगतो. १९८५ साली फ्लोरिडाजवळ पहिला सिंहमासा दिसला. त्याचं मूळ घर हिंद आणि प्रशांत महासागरात, फ्लोरिडाकडे तो टँकमधूनच पोहोचला असं मानलं जातं. आज तो कॅरिबियनभर आहे आणि तिथली लहान मासळी फस्त करतोय. १९८४ साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखाली कॉलर्पा या शैवालाचा चौरस मीटरभर पट्टा आढळला, तोही टँकमधल्या जातीचा. पुढे त्याने भूमध्य समुद्राच्या तळाचे मोठे पट्टे झाकून टाकले. माझा खेकडा एकटा आहे, तो कुठे पसरणार नाही. पण टाकी वेगळी असली तरी चौदा महिने त्याने वेगवेगळ्या समुद्रांतल्या जीवांबरोबर एकच उपकरणं वाटून घेतलीत. त्याच्या अंगावर, त्याच्या फुलांवर कुठले जंतू आणि परजीवी बसलेत हे मला माहीत नाही. तो नेमका कुठल्या किनाऱ्याचा, हेही मला कधी कुणी सांगितलं नाही. चुकीच्या समुद्रात त्याला सोडून मी फक्त माझं मन हलकं केलं असतं. टँकचं बदललेलं पाणीसुद्धा मी समुद्रात किंवा नाल्यात ओतत नाही, ते घरातल्या सांडपाण्याच्या नळीतच जातं.

म्हणून तो इथेच राहील, असेल तेवढं आयुष्य. रोज वाफ होऊन गेलेलं पाणी गोड्या पाण्याने भरायचं, आठवड्यातून दोनदा त्याच्या फुलांना मायसिस या कोळंबीसारख्या इवल्या जिवाचा चुरा द्यायचा, हे चालू राहील. त्याच्यानंतर ती ४० लिटरची टाकी कार्डिनलच्या पिल्लांसाठी लागणार आहे. नराची हनुवटी परवापासून पुन्हा फुगलीय.