समेवरची शिट्टी

अरेंजर की-बोर्ड वाजवणाऱ्याने डाव्या हाताने एक कॉर्ड धरली की तबला, ढोलक, बेस आणि गिटार ही सगळी मंडळी त्याच्यासाठी राबू लागतात आणि त्याला उजव्या हाताने सूर काढून फोटोसाठी हसण्यापलीकडे काही काम उरत नाही, असा लोकांचा समज असतो. तो अगदीच खोटा नाही. परंतु माणसांच्या आवाजाचे तुकडे यंत्रात भरून, ठेक्याच्या वेगाशी बांधून, ते पॅडवर वाजवण्याची सोय एकदा हाताशी आली की हे हसणे बंद होते.

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात कोरसला माणसे मिळत नाहीत. मिळतात ती प्रसादाच्या वेळी. म्हणून या वर्षी कोरस यंत्रातच भरावा, असे कमिटीने परस्पर ठरवले. तत्त्व सरळ आहे. टेम्पो 120 असेल, म्हणजे मिनिटाला 120 मात्रा, तर चार मात्रांचा एक बार 2 सेकंदांत संपतो, म्हणजे चार बारांचा गजर 8 सेकंदांचा होतो. टेम्पो 96 वर आणला की तोच गजर 10 सेकंदांचा व्हायला हवा. जुन्या टेपप्रमाणे नुसती गती बदलली, तर सूरही तिच्यामागे धावतो: गती दुप्पट झाली की आवाज बरोबर एक सप्तक चढतो आणि साठीचे सेक्रेटरी बालवाडीत जाऊन बसतात. ते टळावे म्हणून यंत्र आवाजाचे अतिशय बारीक तुकडे करते, वेग वाढला की ते एकमेकांवर सरकवते आणि वेग उतरला की त्यांतलेच काही पुन्हा वाजवते. सूर जागेवर राहतो. फार ताणले तर ‘मोरया’ मात्र पाण्याखालून म्हटल्यासारखा थरथरतो.

रेकॉर्डिंग आमच्या बेडरूममध्ये, खिडक्यांवर गोधड्या टांगून झाले. गायक म्हणजे आमची ही, वरच्या मजल्यावरच्या काकू आणि त्यांचा नातू. सर्वांत उत्तम जमलेल्या गजराच्या शेवटच्या समेवर आमच्याच स्वयंपाकघरातल्या कुकरने शिट्टी दिली. पुन्हा एकदा म्हणू या, असे मी सुचवताच काकू उठल्या. “अहो, आमचा आवाज आला ना नीट? मग शिट्टीचं काय घेऊन बसलात? माझी मालिका चुकेल.” शिट्टीचा उगम ‘मोरया’च्या ‘या’मध्ये असल्याने ती कापणे म्हणजे देवाचे नाव कापणे होते. ती राहिली.

पहिल्या दिवशीची अडचण वेगळीच निघाली. पॅड दाबताच आवाज येत नाही. ठेका बिघडू नये म्हणून यंत्र पुढचा बार सुरू होईपर्यंत थांबते. कोणीतरी “गणपती बाप्पा” अशी आरोळी ठोकली, मी तत्परतेने पॅड दाबला, समोरच्या सगळ्यांनी छातीठोक “मोरया” म्हटले, शांतता पसरली, आणि मग यंत्राने आपल्या सोयीने, शिट्टीसकट, “मोरया” म्हटले. मुलांना हे इतके आवडले की पुढचा तासभर ती केवळ त्यासाठी आरोळ्या देत होती.

खरी कसोटी आरतीत लागते. आरती ज्या लयीत सुरू होते त्या लयीत ती संपल्याचे महाराष्ट्रात कोणी पाहिलेले नाही. यंत्रांनी आपसांत बोलण्यासाठी 1983 साली मिडी नावाची पद्धत ठरली, तिच्यात एका मात्रेमागे 24 टिचक्या देऊन एक यंत्र दुसऱ्याला वेग कळवते. आमच्या आप्पांच्या टाळांना असली एकही टिचकी मान्य नाही. दुसऱ्या कडव्यापासून ते पुढे सरकू लागतात, तिसऱ्यात सगळी चाळ त्यांच्यामागे लागते (सोसायटी होऊन बरीच वर्षे झाली, पण आरतीला चाळच असते), आणि मी एका हाताने कॉर्ड धरून दुसऱ्या हाताच्या बोटाने टॅप-टेम्पोचे बटण (जितक्या वेगाने दाबावे तितका ठेक्याचा वेग) बडवत त्यांचा पाठलाग करतो. सूर वाजवायला हात शिल्लक नसतो. आप्पांचे मत असे, की “तुमचं मशीन जरा जड पडतंय.”

त्यातच मुख्य गायकांचा घसा बसला आणि त्यांनी आयत्या वेळी काळी एकऐवजी पांढरी एक मागितली. ट्रान्सपोजचे बटण दाबताच तबला सोडून बाकीचा सगळा वाद्यवृंद विनातक्रार अर्धा सूर खाली उतरला. ध्वनिमुद्रित गजराला हे बटण लागू नसते. त्यामुळे काकू काळी एकमध्येच, पूर्ण आत्मविश्वासाने, गात राहिल्या. प्रत्यक्षातल्या काकू पहिल्या रांगेत बसून गायकांकडे रागाने पाहत होत्या.

वेग 96 असो वा 140, शिट्टी मात्र प्रत्येक वेळी समेवर अचूक येत राहिली. संथ गजरात ती लांबते, द्रुत गजरात आखडते, पण चुकत नाही. चौथ्या दिवसापर्यंत आप्पा तिच्यावर टाळ मिळवू लागले होते. विसर्जनाच्या सभेत खजिनदारांनी कार्यक्रमाचा आढावा घेतला, माझे आभार मानले, आणि पुढच्या वर्षी मी तीन शिट्ट्यांची सोय करावी, असा ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला.